फळ्याकडे पाठ

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिलं असेल असं वाटत नाही. मुलुंडच्या एका कॉलेजात, जिन्याखाली मोडक्या बाकांच्या मागे मी बसलो आहे. मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर. चौकोनी पेटीसारखं माझं अंग, पोटात प्रखर दिवा, डोक्यावर सपाट काच आणि बाजूने बगळ्यासारखी वर गेलेली मान. मानेच्या टोकाला भिंग आणि आरसा. काचेवर पारदर्शक कागद ठेवून शिक्षक लिहू लागले की ते अक्षर त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर हाताएवढं मोठं होऊन उमटायचं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या एका शेडमध्ये माझे भाग जुळवले गेले. टेम्पोतून मी कॉलेजात आलो, तेव्हा प्राचार्यांनी नारळ फोडला, मला जास्वंदीचं फूल वाहिलं आणि म्हणाले, "आजपासून आपलं कॉलेज आधुनिक झालं." टाळ्या वाजल्या. मग माझ्यावर निळं आवरण चढलं आणि रसायनशास्त्राच्या वर्गात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात मला उभं केलं. तिथून डोंगर दिसायचे. बाकी काम काहीच नव्हतं.

त्या वर्गावर खानविलकर सर शिकवायचे. श्यामकांत खानविलकर. भारदस्त आवाज, जाड मिशी, बाहीवर कायम खडूची पूड. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "सिनेमाचं यंत्र ते. शिकवायला खडू पुरतो." फळा भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा, असा त्यांचा तास चाले. लिहिताना ते बोलतही असत, फळ्याशीच.

त्या वर्षी पहिल्या बाकावर गंधाली धुरी नावाची मुलगी बसू लागली. भांडुपच्या टेकडीवर राहायची. वडील पूर्वी गिरणीत होते. पोरगी सतत सरांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. सहामाहीत मात्र ती सरांच्या विषयात नापास झाली.

एकदा सरांनी फळ्यावर लिहिता लिहिताच विचारलं, "धुरी, पुढची पायरी काय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. सर वळले तर ही शांतपणे वहीत उतरवून घेत होती.

"इतका माज? उद्या आई-वडिलांना घेऊन ये. नाहीतर माझ्या वर्गात बसू नकोस!"

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर तिची आई आली. सुगंधाबाई. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"सर, पोरीचा नाव वर्गातून काढू नका," त्या म्हणाल्या. "तिका ऐकाक येणा नाय. लहानपणी ताप इलो, तेव्हापासून. आमी कोणाक सांगूक नाय, कॉलेजात घेवचे नाय म्हणान. बोलणाऱ्याचा तोंड दिसला की तिका सगळा समाजता. पण तुमी फळ्याकडे वळलात की तिचा सगळा थांबता."

सर खुर्चीत बसले. गंधाली आईच्या बाजूलाच उभी होती. तिच्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "म्हणजे अर्धा तास तर मी फळ्यालाच शिकवतो?"

गंधालीने ओठ वाचले. खरं बोलावं की नाही, असं क्षणभर तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने मान हलवली. हो.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी माझं आवरण निघालं.

पहिला तास फजितीचाच झाला. सरांनी कागद उलटा ठेवला. मागच्या बाकावरचा निलेश ओरडला, "सर, वाट लागली! सगळं उलटं आलंय!"

"मग तू खाली डोकं वर पाय करून वाच," सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्या वर्गात सरांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वर्ग रिकामा झाल्यावर सर माझ्यासोबत सराव करत. शाईने त्यांची बोटं रंगून जात. आता ते माझ्याजवळ वर्गाकडे तोंड करून उभे राहत, लिहीत आणि एक वाक्य संपलं की मान वर करून मगच पुढचं बोलत. तरीही गंधाली मधूनच कपाळाला आठ्या घालायची. का, ते सरांना कळेना. मग एका सोमवारी सर मिशी काढून आले. स्टाफरूममध्ये त्यांची खूप थट्टा झाली म्हणे. सरांनी कारण कोणालाच सांगितलं नाही. गंधालीच्या आठ्या मात्र त्या दिवसापासून गेल्या.

पुढे सरांना माझा नादच लागला. एकदा त्यांनी माझ्या काचेवर पाण्याची पसरट बशी ठेवली आणि तिच्यात जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचा थेंब सोडला. पडद्यावर जांभळं ढगच ढग पसरले. मग त्यांनी दुसरं एक द्रावण घातलं. ढग फिके होत होत नाहीसे झाले. सगळे पडद्याकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात एक चिरका, फाटका आवाज उमटला.

"सर, रंग गेला कुठे?"

गंधाली होती. वर्गात ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. मागे कोणीतरी फिसकन हसलं. लगेच निलेशचा आवाज आला, "ए, गप ना यार. प्रश्न बरोबर आहे तिचा."

"बरोबरच आहे," सर म्हणाले. "हे कोणी विचारेल म्हणून मी किती वर्षं थांबलोय." त्या तासाला सरांनी दुसरं काहीही शिकवलं नाही.

गंधाली पदवीधर झाली. औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत लागली. पेढे द्यायला ती आणि सुगंधाबाई आल्या. सर नुसते चष्मा पुसत राहिले.

नंतर छताला नवा प्रोजेक्टर लटकला आणि कॉम्प्युटर आला. सर तेही शिकले. फक्त पडद्यासाठी वर्गात अंधार केला तरी स्वतःच्या डोक्यावरचा एक दिवा ते चालू ठेवायचे. सर निवृत्त झाल्यावर तो दिवाही बंद होऊ लागला आणि मी जिन्याखाली आलो. कोणी माझ्यावर छत्र्या ठेवल्या, कोणी चहाचे कप. राग आला नाही. नुसतं जुनं आठवत राहिलो.

मग तो साथीचा काळ आला. कॉलेज ओस पडलं. जिन्याजवळच्या वर्गात रसायनशास्त्राच्या अपूर्वा मॅडम एकट्याच येऊन लॅपटॉपसमोर शिकवत. "आवाज येतोय ना? कोणीतरी कॅमेरा सुरू करा ना रे," त्या म्हणत. पलीकडे नुसते काळे चौकोन. एकदा तास संपल्यावर त्या रिकाम्या बाकांकडे बघत बसून राहिल्या. त्या दिवशी मला समजलं, शिकवणाऱ्यालाही समोर चेहरा लागतो.

मित्रांनो, आता तुमच्या वर्गात बोटाने चालणारे फळे आहेत. बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारी यंत्रं आहेत. गंधालीच्या वेळी ती असती तर! मला त्यांचा हेवा नाही. एकच मागणं आहे. नवं यंत्र आणलंत की आधी बघा, वर्गातलं कोण त्याच्यामुळे जवळ आलं आणि कोण लांब राहिलं. आणि ते जुनं झालं की त्याच्यावर ओल्या छत्र्या ठेवू नका.

कालच अपूर्वा मॅडम मिहिर आणि ऋतिका या दोन विद्यार्थ्यांना घेऊन जिन्याखाली आल्या. भंगारवाला यायचा होता.

"हे पण टाकायचं ना, मॅडम?" मिहिरने विचारलं.

ऋतिकाने ओढणीने माझी काच पुसली आणि खाली वाकून बघितलं. "थांब रे! काचेखाली केवढं मोठं भिंग आहे बघ. झकास! गच्चीवर उन्हात धरलं तर पाणी उकळेल याच्याने."

"करून बघा," मॅडम म्हणाल्या. "मीही येते."

उद्या ते माझे स्क्रू काढणार आहेत. पेटी, मान, आतला पंखा भंगारात जातील; भिंग तेवढं गच्चीवर जाईल. इतकी वर्षं मी पोटातल्या दिव्यावर काम केलं. सूर्य कसा असतो, ते उद्या कळेल.