आडनाव लांबजिभ्या, नाव अजून ठरायचंय

इकडे, इकडे! सदाफुलीच्या तिसऱ्या फुलाजवळ… नाही, आता पाचव्या. मी पतंग बोलतोय. मांजावाला नव्हे, पंखवाला. बसून बोलणं मला जमत नाही. हवेत एका जागी थरथरत मी जेवतो आणि बोलतोही तसाच, तेव्हा मान जरा फिरवत राहा.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावाबाहेर, गायरानातल्या एका बारतोंडीच्या झाडाच्या पानावर माझा जन्म झाला. आधी मी हिरवी अळी होतो, शेपटीकडे एक शिंग असलेली. ते शिंग कुणाला टोचत नाही, पण गवत कापायला आलेली एक बाई ते पाहून "माय वं!" म्हणत चार पावलं मागं सरली होती. तो माझ्या बालपणातला सगळ्यात मोठा पराक्रम. पुढं पाचोळ्यात कोष केला, झोपलो आणि एका सकाळी पंख घेऊनच उठलो.

उडायला मला कुणी शिकवलं नाही. थांबायला शिकवायला हवं होतं. मी घाणेरीवर गेलो, झेंडूवर गेलो, एका बाईच्या साडीवरच्या छापील जास्वंदातही जीभ घालून पाहिली. साडीत मध नसतो. कुंपणाच्या तारेतून आरपार जायचो, भिंतींना घासायचो. पंखांवरचे खवले झडत होते, नक्षी पुसत होती. मला काय त्याचं! फुलं संपत नव्हती.

अशाच एका सकाळी, कॉलेजच्या बागेत, जाळी पडली.

जाळी मेघाची होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी वर्धा जिल्ह्यातल्या पतंगांची यादी करत होती. तिनं मला पारदर्शक डबीत घातलं आणि पळतच ज्योत्स्ना मॅडमच्या टेबलावर नेलं. मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्यांनी भिंग लावलं. एवढा मोठा डोळा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"मिशा टोकाकडे जाड, टोकाला आकडा. धड दणकट. शेपटीला काळ्या केसांचा पंखा. आणि ही जीभ बघ, अंगाएवढी लांब! मॅक्रोग्लॉसम आहे हा. अर्थच मुळी लांब जिभेचा."

मी हरखलो. मला आडनाव होतं!

"आणि जाती?" मेघानं विचारलं.

"तिथंच घोडं अडतं. ह्या प्रजातीतले भाऊभाऊ फार सारखे दिसतात. पुढच्या पंखावरच्या पट्ट्यांवरून वेगळे करता येतात, पण ह्यानं सगळे पट्टे घासून टाकलेत. मला गायरान्स वाटतो. तो असला तर आपल्या यादीत नवी भर. पण खात्री हवी तर पोटाचं टोक कापून आतली रचना बघावी लागेल."

"म्हणजे मारावं लागेल?"

"हो. पंधरा तारखेला प्रबंध द्यायचाय ना? मारायच्या बाटलीतलं रसायन संपलंय, उद्या येईल. तोवर जप त्याला."

मेघानं मला ऑटोतून घरी आणलं. तिची आई, कांताबाई, एका दवाखान्यात आया आहेत. नुकत्याच कामावरून आल्या होत्या.

"मेघा, ह्या डब्यात काय भिरभिर करून राह्यलं वं?"

"पतंग हाये, आई. मॅडम म्हणते, गायरान्स असन."

"गायरानात सापडला म्हून गायरान्स?"

मेघा खो खो हसली. "नाई वं! लॅटिन हाये ते. गरगर फिरणारा."

हे ऐकताच मी डबीत सात गिरक्या घेतल्या. नाव असं असावं!

मेघानं साखरपाण्याचा थेंब बोटावर घेऊन झाकण उघडलं. मी गुंडाळलेली जीभ सोडली आणि तिच्या बोटाशी थरथरत पिऊ लागलो. मायलेकी श्वास रोखून बघत होत्या.

"उद्या मारा लागते याले," मेघा हळूच म्हणाली.

"काऊन?"

"नाव लिहाले."

कांताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आमच्या दवाखान्यात थेंबभर रक्त काढतेत अन् माणसाची सगळी कुंडली सांगतेत. तुमाले नाव लिहाले अख्खा जीव लागते?"

मेघाचं बोट थांबलं. मग तिनं झाकण लावलं आणि मॅडमना फोन केला.

"मॅडम, एक पाय पुरेल का? डीएनएसाठी?"

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "पुरेल. पण निकालाला दोन-तीन महिने लागतील. तुझ्या प्रबंधात जातीची जागा कोरी राहील. नवी नोंद तुझ्या नावावर लागणार नाही आत्ता. विचार कर."

मेघानं विचार केला. मी तिच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होतो. एक होती, दोन झाल्या, मग सगळ्या गेल्या.

"कोरी राहू द्या, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मला थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवलं, कढीच्या पातेल्याशेजारी. अंग बधिर झालं. चिमट्याची एक 'कट', आणि सहातला एक पाय इवल्याशा नळीत गेला. दुखलं का? थोडंसं, पण मी बसतोच कुठं! मेघानं मला दारातल्या सदाफुलीवर ठेवलं. ऊन लागलं, पंख थरथरले आणि मी निघालो. कांताबाईंनी हात जोडले. मेघा मात्र नळीवर चिठ्ठी चिकटवत रडत होती आणि हसतही होती.

आता आठवडा झाला. पाच पाय झकास पुरतात. निकाल येईल तेव्हा मी नसेन, आम्ही काही आठवड्यांचेच पाहुणे. बाबांनो, नाव जरूर विचारा आम्हाला. फक्त एवढंच, आधी बघा थोडंसं घेऊन भागतं का.

अरे! हा वास कसला? लिंबाच्या कुंपणामागून येतोय. ती आहे! माझ्यासारखीच, अगदी माझ्यासारखीच, आणि मिशीच्या टोकापासून शेपटीच्या पंख्यापर्यंत मला खात्री आहे. ना भिंग, ना नळी, ना तीन महिने! राम राम मंडळी, मला आता अजिबात वेळ नाही!