तांबूचं उरलेलं

पहिल्या घराने तांबूचं फक्त भुंकणं नेलं.

ते बोरस्ते होते, दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. येताना दुधाची रिकामी किटली घेऊन आले. ती त्यांनी तांबूच्या तोंडाशी धरली, ड्रायव्हरला जिन्यात पाय आपटायला लावले, आणि तांबू भुंकला तसं झाकण घट्ट बसवलं.

"बागेच्या राखणीला एवढं बास झालं, ताई," ते म्हणाले. "अख्खं कुत्रं कोण सांभाळत बसणार?"

तांबूने पुन्हा तोंड उघडलं. आवाज किटलीतून आला.

"चला, सुरुवात तर झाली," माझा नवरा श्रीरंग म्हणाला.

पुण्याच्या आमच्या नव्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत. श्रीरंगला हे बुकिंग करतानाच माहीत होतं. मला त्याने सांगितलं ते फरशा बसल्यावर. "आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," असं तो म्हणाला, अगदी समजूतदारपणे. तांबूला मी लग्नाच्या आधी गटारातून उचलून आणलं होतं. श्रीरंग नंतर आला.

दुसऱ्या देवस्थळीबाई. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. त्यांना पायाशी ऊब हवी होती.

"केस फार गळतात हो यांचे," त्या म्हणाल्या. त्यांनी तांबूला शालीत गुंडाळून थोडा वेळ मांडीवर घेतलं, मग नुसती शाल छातीशी धरून निघून गेल्या. तांबूला हात लावला तर तो फरशीसारखा गार होता.

तिसरी तन्वी, वरच्या मजल्यावरची. तिला पहाटे पळायला सोबत पाहिजे होती. तिने पट्टा काढून घेतला आणि जिना उतरली. पट्ट्याच्या टोकाला काहीच नव्हतं, पण तो ताणलेला होता. ती जवळजवळ फरफटतच गेली. तांबू दारात आडवा पडून बघत राहिला. त्याचे पाय आता नुसतेच होते.

मी कठड्यावरून ओरडले, "अगं, त्याला रात्रभर खाज सुटते! फटाके वाजले की तो पलंगाखाली थरथरतो! ते कोण नेणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा ना, काकू," खालून उत्तर आलं.

त्या संध्याकाळी मी कणीक मळली. पोळ्या तव्यावरून उतरल्या त्या कौलासारख्या. श्रीरंगने एक तोंडात घातली आणि त्याचा दात पडला. त्याने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि भाजी वाढून घेतली.

तांबूचं जे उरलं होतं ते रोज आक्रसत गेलं. शेवटी एका हातावर मावेल एवढं झालं. खाज, भीती, मोतीबिंदू आलेला डोळा आणि कानामागचा वास. त्याला मात्र एकही गिऱ्हाईक आलं नाही.

"हे मी पुण्याला नेणार आहे," मी म्हणाले.

"मी विचारलं सोसायटीत. उरलेलंही चालत नाही."

"मग मीही येत नाही."

"वैजू, बालिशपणा करू नकोस. तिकडे तुझी गरज आहे."

सामान बांधायला माणूस आला. तो एक खोकं बांधायचा की हॉलची भिंत तेवढी आत सरकायची. दुपारपर्यंत खिडकी माझ्या पाठीला टेकली. डाव्या हातावरचं तांबूचं उरलेलं मी पोटाशी घट्ट धरलं. ते थरथरत होतं. श्रीरंग माझ्यासमोर इतक्या जवळ उभा होता की त्याच्या तोंडातली रिकामी जागा दिसत होती. अंग चोरून उभं राहण्यापुरतीच जागा उरली होती, आणि तो मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता की सगळं अगदी वेळेत चाललंय.

बांधणाऱ्याने शेवटचं खोकं उघडलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, बाईंचं काय काय घ्यायचं?"

श्रीरंगने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"हात घ्या," तो म्हणाला. "नीट गुंडाळा, कामाचे आहेत. आणि सकाळचं लवकर उठणं घ्या."

"बाकीचं?"

"बाकीचं राहू दे इथेच. बघेल कुणीतरी."

मी उजवा हात उचलला आणि त्याच्या कानाखाली जाळ काढला. आवाज झाला, पण हात परत आला नाही. तो मनगटापासून सुटून त्याच्या गालावर तसाच बसून राहिला, पाचही बोटं रुतवून. मला दुखलं नाही.

बांधणाऱ्याने चिकटपट्टी दातांनी तोडली.

"साहेब, हा असाच पॅक करू?"

श्रीरंग बोलायला गेला. बोटं गालावरून सावकाश सरकली आणि त्याच्या ओठांवर येऊन मिटली.