नलू कुठं झोपायची

बाराव्याची जेवणं उरकली आणि मांडवात माणसं एकेक करून बोलायला उभी राहू लागली, तशी नामदेवची चुळबुळ सुरू झाली. आधी तो खुर्चीवर होता, मग खांबाला टेकला, मग पाणी प्यायचं निमित्त करून मागच्या दारी गेला आणि तसाच परत आला. सातपाटीत माणूस गेलं की तात्यांनी दोन शब्द बोलायचे, हे ठरलेलंच. तात्या उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "नलूवहिनींनी सगळं आयुष्य संसाराला वाहिलं. नवऱ्याची काळजी घेतली, पोरांना मार्गाला लावलं. अशी पत्नी, अशी आई मिळायला भाग्य लागतं."

खोटं त्यात काहीच नव्हतं. मुलगा नीलेश आता बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, मुलगी एडवणला सुखानं नांदत होती, आणि नामदेवचं जेवणाचं ताट कधी उशिरा आलं असं त्याला आठवत नव्हतं. पण हेच शब्द तात्या गेल्या वर्षी दुसऱ्याच कुणासाठी बोलले होते. नामदेवला वाटलं, यात नलू कुठं आहे? ती भराभर चालायची, बोलताना समोरच्याच्या दंडाला धरायची, ताप आला तरी मासळीची पाटी उचलून बाजाराला निघायची. तसाच ताप अंगावर काढता काढता ती गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक तरणी बाई उठली. अंगावर फिकट पिवळा ड्रेस, खांद्याला पर्स. गावातली नव्हती. "मी बोईसरहून आले," ती म्हणाली. "अर्चना माझं नाव. मावशींकडून मी मासळी घ्यायची. बाजार संपला की त्या रोज दुपारी आमच्या घरी येऊन झोपायच्या." पुढचं तिला बोलवेना. पदर नव्हता, हातांनीच तिनं तोंड झाकलं आणि ती खाली बसली.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. नामदेव माणसांतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचेतो ती नीलेशला नमस्कार करून रिक्षेत बसलीसुद्धा होती.

नलू आणि दुपारी झोप! नामदेवनं अख्ख्या संसारात तिला दिवसा आडवी झालेली पाहिली नव्हती. रात्री तो झोपायचा तेव्हा ती जागी असायची आणि तो उठायचा तेव्हा चूल पेटलेली असायची. होडीवर असताना तो इतरांना अभिमानानं सांगायचा, "आमच्या नलूला झोप लागतच नाय. बनावटच तशी हाय तिची." होडी अवेळी धक्क्याला लागली तरी ती कंदील, नंतरच्या काळात बॅटरी घेऊन उभीच. आणि ही परकी बाई म्हणते, रोज झोपायच्या.

पुढचे दिवस त्यानं कसेबसे काढले. घरात बसला की भिंती अंगावर यायच्या, म्हणून बंदरावर जायचा. बंदरावर कुणी खुशाली विचारली की घरी परतायचा. गुडघ्यामुळं त्यानं समुद्र सोडला त्याला आता तीन वर्षं होत आली होती, पण नलू गेल्यापासून तो गुडघाही विसरला होता. उगाचच त्यानं माळ्यावरचं जुनं जाळं खाली काढलं, अर्धं उसवलं आणि तसंच टाकून दिलं. सून हिमानी ते गुंडाळून ठेवायला गेली तर तिच्यावर खेकसला. मग स्वतःच ओशाळून बाहेर पडला आणि थेट सोमीच्या दारात जाऊन उभा राहिला.

सोमी आणि नलू वर्षानुवर्षं एकाच टेम्पोतून बोईसरच्या बाजारात पाट्या न्यायच्या.

"सोमी, खरं सांग. नलू त्या बाईकडं जायची?"

सोमी कोलंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "जायची. बाजार उठला की आमी चहा प्यायला बसायचो, ती निघायची. आमाला वाटायचं, घरपोच मासळी द्यायला जात असंल. टेम्पो निघायच्या वक्ताला बरोबर यायची. तोंड धुतलेलं असायचं."

"मना कधी बोलली नाय."

"तुमी कधी इचारलं?"

 नामदेवनं घराचा पत्ता तेवढा विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणालाच न सांगता तो निघाला. पालघरला बस बदलली. बसमध्ये शेजारी बसलेला बिहारी कामगार फोनवर गावाकडच्या कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होता. नामदेवला त्यातलं निम्मं कळलं, निम्मं नाही. बोईसर जवळ आलं तसा कारखान्यांचा आंबूस वास खिडकीतून आत शिरला. या वासात नलू रोज येत होती. जाळी, डिझेल, भरती-ओहोटी, कुठल्या खोलीला काय मासळी लागते, हे सगळं त्याला ठाऊक होतं. आपली बायको बाजारातून निघाल्यावर डावीकडं वळायची की उजवीकडं, हे मात्र आज लोकांना विचारावं लागत होतं. त्याला राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. त्या बाईचा असेल. आपल्या माणसाचं काहीतरी तिनं परस्पर ठेवून घेतलंय, असं त्याला वाटत होतं.

नवापूर रोडच्या एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर अर्चना राहत होती. तिनं दार उघडलं, त्याला ओळखलं आणि बाजूला झाली. "या काका. हे कंपनीत गेलेत. बसा."

तो बसला नाही. "कुठं झोपायची ती?" असं त्यानं दारातच विचारलं.

अर्चनानं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या जागेकडं हात केला. एक अरुंद पट्टा, खाली फरशी, वर पंखासुद्धा नाही. "मी म्हणायची, पलंगावर पडा. नको म्हणायच्या. अंगाला मासळीचा वास येतो, चादर खराब होईल. इथं भिंत गार लागते म्हणायच्या. पाठ भिंतीला लावून कुशीवर झोपायच्या, हात उशाला."

नामदेव त्या फरशीकडं बघत राहिला. नलूसारखी उंच बाई इथं पाय दुमडूनच मावत असणार.

"तू आमच्यातली नाय, नात्यातली नाय," तो म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा चढला. "मग तुझ्याचकडं का?"

अर्चना दुखावली नाही. तिनं त्याच्यापुढं खुर्ची सरकवली आणि स्वतः खाली बसली. "माझं माहेर जळगावकडं. मुलगी झाली तेव्हा आई आजारी, कुणी येऊ शकलं नाही. पोर रात्रभर रडायची. मावशी मासळी द्यायला आल्या, माझं तोंड बघितलं आणि पाटी दारातच ठेवून हातपाय धुऊन आल्या. म्हणाल्या, दे ती इकडं, आणि झोप तू. मी उठले तर चार वाजलेले. त्यांचा टेम्पो निघून गेला होता." ती थोडी हसली. "मग रोजच यायला लागल्या. आधी मला झोपवायच्या. पोर मोठी झाली, शाळेत जायला लागली, तरी यायच्या. एकदा बोलता बोलता त्यांचाच डोळा लागला. मी उठवलं नाही. तेव्हापासून त्या झोपायच्या आणि मी आपली कामं करत बसायची."

"घरी का नाय झोपायची?"

प्रश्न विचारला आणि त्याला वाटलं, विचारायला नको होता.  स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, अर्चनानं उठून गॅस बंद केला आणि परत आली.

"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, घरी डोळा मिटला की कुणीतरी हाक मारल्यासारखं होतं. होडी कधी येईल नेम नसायचा ना. लग्न झाल्यापासून कान तिकडंच लावून पडायची सवय. इथं समुद्र ऐकू येत नाही, म्हणून झोप लागते."

"पण मी समुद्र सोडला. तीन वरसं झाली."

"हो. तेही बोलल्या होत्या," अर्चना हळूच म्हणाली. "म्हणाल्या, ते घरात आलेत हे कानांना अजून कळलेलं नाही."

नामदेव खुर्चीत बसला.  अर्चनानं पाणी आणून ठेवलं आणि ती आत निघून गेली. त्याला बरं वाटलं. त्या भिंतीला एकदा हात लावावा असं त्याच्या मनात आलं. त्यानं लावला. खरोखरच गार होती. मग तो एकदम उठला, "येतो" म्हणाला आणि चहासुद्धा न घेता जिना उतरला. राग गेला होता, पण मन शांत झालं नव्हतं. उलट चालण्याचा वेग वाढला होता.

घरी नीलेश दारातच उभा होता. "बाबा, फोन घरी ठेवून कुठं गेलेलाव? आमी सगळं बंदर धुंडाळलं."

"बोईसरला."

"काय काम होतं?"

"होतं," एवढंच बोलून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर हिमानी भांडी घासून उठली आणि अंगणात निघाली. सकाळपासून बारीक कोलंबीचा जवळा वाळत घातला होता; तो खाली-वर केला नाही तर खालून दमट राहतो. नामदेव आडवा आला.

"तू पड जरा."

हिमानीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"आत जाऊन पड. जवळ्याचं मी बघतो."

"तुमची तब्येत बरी हाय ना, बाबा?"

"बरी हाय. जा तू."

सासऱ्याचा चेहरा पाहून ती आत गेली आणि चटई टाकून पडली. नामदेवनं झाडू घेतला आणि अंगणभर पसरलेला गुलाबी जवळा उलटायला लागला. समुद्रातून जवळा आणायचं काम त्याचं, वाळवायचं बायकांचं. त्याच्या झाडूखाली जवळा उलटण्याऐवजी ढिगानं एका बाजूला जायला लागला. कुंपणापलीकडून सोमी बघत होती. "अवो, उचकटताव काय? हलक्या हातानं," ती म्हणाली. त्यानं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं.

थोड्या वेळानं त्यानं दाराशी जाऊन आत डोकावलं. हिमानी छताकडं बघत पडली होती.

"झोपली नाय?"

"नाय येत. तुमी भायेर काय करताव तेच ऐकू येतंय सगळं."

तो तिथून मागं झाला. दार ओढून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही. कडी वाजली असती. झाडू भिंतीला टेकवला आणि चपला काढून हातानंच जवळा पसरायला बसला. गुडघा ठणकत होता. तेवढ्यात कावळे आले. आधी एक कुंपणावर, मग दोन-तीन थेट जवळ्यात. नामदेवच्या तोंडातून हाड् निघणार होतं, ते त्यानं गिळलं. खांद्यावरचा पंचा काढला आणि तापल्या अंगणात अनवाणी, या टोकाकडून त्या टोकाकडं हवेत फिरवत धावू लागला. कावळे उडायचे आणि दुसरीकडं बसायचे. तो तिकडं धावायचा. आवाज काही त्यानं केला नाही. आत हिमानीचा डोळा लागला की नाही, ते बघायला जायचं धाडस मात्र त्याला होत नव्हतं.