पुंजाजीचा बिल्ला

सन १९५८ च्या हंगामात अकोटच्या एका जिनिंग कारखान्यात माझा सहकारी पुंजाजी याच्या उजव्या हाताची तीन बोटे सरकी काढण्याच्या यंत्राने हिरावून नेली. सलग तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याचे नाव तेथे कमी करीत असत. पुंजाजी इस्पितळात पडला असता, या भयास्तव, मजजवळ राहिलेला त्याचा पितळी बिल्ला मी तीन दिवस माझ्या बिल्ल्याशेजारी हजेरीच्या फळीस अडकविला, व मित्रकर्तव्य पार पाडल्याचा आनंद मानला.

महिन्याने पुंजाजी दुखापतीच्या रजेचा अर्धा पगार मागण्यास कचेरीत गेला. सोबत मी होतो. कारकून मोरोपंतांनी हजेरीपट उघडला.

“सोमवारी बोटे तुटली म्हणतोस, आणि मंगळ, बुध, गुरु कामावर हजर? मग बोटे इथे तुटलीच नाहीत. घरी कडबा कापताना तुटली असतील.”

“नाही जी, इथंच तुटली.”

“मग बिल्ला कोणी लावला? त्याचे नाव सांग. त्याला काढतो आणि तुझा अर्ज पुढे पाठवतो.”

मी हजेरीपटावरील रेघा मोजू लागलो. पुंजाजीने क्षणभर मजकडे पाहिले.

“मीच लावला जी. डाव्या हातानं.”

मोरोपंतांनी अर्जावर तांबड्या शाईने ‘नामंजूर’ असे लिहिले.

फाटकाबाहेर आल्यावर मी सद्गदित होऊन विचारले, “पुंजाजी, माहं नाव काहून नाही घेतलं?”

पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो म्हणाला, “तू तं बाजूलेच उभा होता ना बावा. तुले तोंड नव्हतं?”