नामाचं टेडेम

"आता येतील बघ," म्हणत सुंदरा पदर सावरून टीव्हीच्या आणखी जवळ सरकली.

टीव्ही शेजारच्या सरिताचा. ओटीवर दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसलेली. एका टीमची बॅटिंग नुकतीच संपली होती आणि खेळाडू आत चालले होते. पडद्याच्या कोपऱ्यातून निळ्या शर्टातली चार माणसं हातात झाडू घेऊन पिचकडे निघाली. त्यातला डावा पाय जरा ओढत चालणारा कोण, हे सुंदराला दिसतंय न दिसतंय तोच मोटारसायकलची जाहिरात लागली.

"गेलं," सुंदरा म्हणाली.

"अगो, खेळ थांबला का जाहिरात येनारच," सरिता हसत म्हणाली. "झाडू मारतानाचं कोन दाखवील?"

"झाडू नाय गो. पिच करतात ते."

गेली आठ वर्षं हे असंच चाललं होतं. क्रिकेटमधलं सुंदराला काही म्हणता काही कळत नसे. अख्खी मॅच ती फक्त खेळ थांबायची वाट बघत बसायची, आणि खेळ थांबला की नेमकी जाहिरात लागायची. नवऱ्याला, नामाला, त्याच्या कामावर एकदा डोळे भरून बघावं, एवढीच तिची इच्छा.

मुंबईत खेळाची मैदानं रग्गड आहेत. समुद्राजवळ आहेत, उपनगरांत आहेत, नवी मुंबईतही नवं बांधताहेत म्हणे. पण डोळखांबच्या पलीकडल्या या गावाला ठाऊक असलेलं स्टेडियम एकच, 'नामाचं टेडेम'. तिथं कोण जिंकलं, कोण हरलं याच्याशी गावाला फारसं देणंघेणं नव्हतं. ते नामाचं आहे याचंच कौतुक. कौतुक गावाला, नवरा मुंबईला, आणि सुंदराच्या वाट्याला सरिताच्या ओटीवरचा कोपरा.

ऐंशी सालच्या सुमारास नामा तिथं माती वाहायला म्हणून गेला होता. भात झोडायचं खळं कसं करतात हे त्याच्या हाताला माहीत होतं. माती भिजवायची, वाफसा आला की चोपण्याने ठोकायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा ठोकायची. तिथल्या मोठ्या माळ्याने त्याचा हात बघितला आणि त्याला पिचवर घेतलं. पहिल्याच आठवड्यात पठ्ठ्याने पराक्रम केला. कुणी बडा साहेब बूट घालून पिचवर आला, तर हा ओरडला, "खळ्यावर पायतान? बाहेर काढा आदी!" सगळे पोट धरून हसले. साहेब बिचारा भला, त्याने खरंच बूट काढले. ही गोष्ट नामा दर पावसाळ्यात सांगायचा आणि सुंदरा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

दर पावसाळ्यात, कारण तेव्हा तो हंगामी होता. मे संपला की मैदानाचं काम बंद आणि नामा घरी. लावणी, बेणणी, गणपती उरकून ऑक्टोबरात परत. संसार काय तो त्या चार महिन्यांतच झाला. मग एक्क्याण्णव साली नामा पर्मनंट झाला. गावभर पेढे वाटले. पावसाळ्यात मैदानावर नवं गवत लावतात आणि पर्मनंट माणसाला तेव्हाच हलता येत नाही, हे नंतर कळलं. गावाने पेढे खाल्ले आणि सुंदराचे चार महिने गेले.

तेव्हापासून नामा गणपतीत तीन दिवस यायचा, मॅच नसली तर शिमग्याला दोन. नांगराला माणूस बघणं, लावणी, कापणी, खळं, सगळं सुंदरावर. मुलगी अनिता लग्न होऊन कल्याणला गेली. "आये, एकटी काय करतेस तिथं? माझ्याकडं ये," असं ती दर खेपेला म्हणायची. सुंदराचं उत्तर ठरलेलं असायचं, "ते रिटायर होऊन आले नि घरात कोनी नसलं तर?"

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीअखेर नामा रिटायर होणार होता. जानेवारीत त्याने गावच्या माणसाच्या हाती एक पास धाडला. शेवटची मोठी मॅच आहे, बघायला ये, असा निरोप. सुंदराने ओटी सारवली. नामाला खाली बसवत नाही म्हणून सुताराकडून खाट करून घेतली. मग तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून, जावयाला सोबत घेऊन ती मुंबईला गेली.

जावयाने तिला दारापर्यंत पोचवलं. पास एकच होता, त्यामुळे तो संध्याकाळी येतो सांगून कामाला गेला. सुंदरा पायऱ्या चढून वर आली आणि एकदम तिच्यापुढे ते सगळं हिरवंगार पसरलं. एवढ्या जागेत चार खंडी भात झालं असतं, हे पहिलं तिच्या मनात आलं. दुसरं आलं ते असं, की हे माझ्या माणसाने केलंय. तिचा ऊर भरून आला. शेजारच्या अनोळखी बाईला सांगावंसं वाटलं, पण ती बाई कानात वायर घालून बसली होती.

खेळ चालला. लोक उठत होते, ओरडत होते, बसत होते. सुंदरा थांबून होती. अखेर खेळाडू आत गेले आणि निळे शर्ट बाहेर आले.

इथं जाहिरात नव्हती. नामाने वाकून पिचवर हात फिरवला, दूध प्यायलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग झाडू मारला, चुन्याची रेघ नवी केली, रोलर फिरवून घेतला. तेवढ्या वेळात आजूबाजूचे लोक मैदानाकडे पाठ करून वडापाव खात होते, गप्पा मारत होते, लघवीच्या रांगेत उभे होते. हजारो माणसांत मैदानाकडे बघणारी एकटी सुंदरा होती. तिने हातसुद्धा हलवला. नामाने वर बघितलं नाही. पिचवरून त्याची नजर हलतच नव्हती, आणि त्याही गोष्टीचा तिला अभिमानच वाटला.

मॅच संपल्यावर धाऊ तिला न्यायला आला. धाऊ मुरबाडकडचा, नामाच्या हाताखालचा. स्टँडखालच्या खोलीत त्याने तिला बसवलं. एक पलंग, एक स्टोव्ह, खुंटीवर नामाचा ओळखीचा शर्ट. नामा अजून पिचवर पाणी मारत होता.

"वयनी, च्या घ्या," धाऊ म्हणाला. "बरं झालं आलात. दादांचं काम झालं बघा. दोन वर्सं वाढवून मिळाली."

"कसली दोन वर्सं?"

"नोकरीची! साहेब त निरोपाची तयारी करत व्हते. शाल, नारळ सगळं. पन दादाच मागं लागले. अर्ज मीच लिवला ना त्यांचा." धाऊ सातवी शिकलेला, अर्ज लिहिण्याचा त्याला अभिमान होता. तोंडपाठ म्हणूनच दाखवला त्याने, "'गावी माझे घर बंद असून पत्नी मुलीकडे राहते. तरी मला मैदानावरच राहू द्यावे, ही नम्र विनंती.'"

सुंदराने ओठाशी नेलेला कप परत बशीत ठेवला.

तिच्या गावात घर बंद म्हणजे काय, हे धाऊला माहीत असणार. दिवाळीनंतर ज्यांच्या पोटाला गावात काही नसतं ते भिवंडीच्या वीटभट्टीवर जातात, त्यांची घरं बंद. ज्यांच्या घरात दिवा लावणारं कुणी उरत नाही, त्यांची बंद. पंधरा वर्षं रोज सांज झाली की ती दिवा लावत आली होती.

"तुमी आता कल्यानलाच ऱ्हाता ना, वयनी?" धाऊने विचारलं. त्याच्या स्वरात लबाडी नव्हती. त्याला सांगितलं होतं तेवढंच तो जाणत होता.

सुंदराने चहाचा घोट घेतला. "हां," ती म्हणाली. "पोरीकडंच."

थोड्या वेळाने नामा आला. हात पुसत पलंगावर बसला, भाकरी सोडली, चटणीचा वास घेतला. धाऊ बाहेर गेल्यावर खाली बघत म्हणाला, "साहेब सोडीत नाय गो. म्हनतात, नामा, तुझ्याबिगर पिच कोन करील? आनखी दोन वर्सं काढ म्हनतात."

रागावून ओरडावं, अर्ज त्याच्या तोंडावर म्हणून दाखवावा, असं क्षणभर सुंदराला वाटलं. पण समोर बसलेला माणूस म्हातारा झाला होता, त्याच्या नखांत लाल माती होती, आणि त्याला भीती वाटत होती. टेडेम सुटलं की गावात कुणी त्याला पिचवाला म्हणून ओळखणार नव्हतं. तिथं तो नुसता गुडघे दुखणारा नामा झाला असता. हे तिला कळलं, आणि आपण त्याला पुरणार नाही हेही कळलं. ते जास्त लागलं.

"मंग ऱ्हा की," ती म्हणाली. "साहेब एवढं म्हनतात तर."

नामाने मान वर केली. सुटल्यासारखा तो हसला आणि दुसरी भाकरी घेतली.

रात्र तिने अनिताकडे काढली, पण डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गावात उतरली. दाराला कुलूप होतं. या घराला स्वतःचं कुलूप कधी नव्हतंच. निघताना तिने ते सरिताकडून मागून आणून लावलं होतं. किल्ली कनवटीला होती. ती काढत असतानाच सरिता अंगणात आली.

"काय गो, एकटीच? नामादा कवा येतात?"

"नाय येत इतक्यात. साहेब सोडीत नाय."

"म्हंजे?"

"अगो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना. एवढं मोठ्ठं टेडेम, पन त्यांच्याबिगर कोनाचं पान हालत नाय. साहेब हात जोडत व्हता. मीच सांगितलं ऱ्हा म्हनून."

"बाई गो!" सरिता म्हणाली. "नशीबवान हायेस."

सुंदराने कुलूप काढलं आणि किल्लीसकट सरिताच्या हातात ठेवलं.

"अगो, ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. परत कवा जाशील तर लागंल."

"नको," सुंदरा म्हणाली. "घर उगडंच असतं माझं."

तिने दोन्ही फळ्या सताड लोटल्या, ओटीवरच्या नव्या खाटेला वळसा घातला आणि चूल पेटवायला आत गेली.