भरदुपारची रात्र

“हा दिवस कुणी केला?” वेंडेलकाका एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातला पोगाचा, आमच्याकडचा छोटा खारा पाव, खाली पडला.

दिवस मीच केला होता. माझं कामच ते. जुना सिनेमा डिस्कवर काढायचा असला की त्याच्या निगेटिव्हचं स्कॅन आमच्या बुडापेस्टच्या लॅबमध्ये माझ्या पडद्यावर येतं, आणि कुठे किती उजेड, कुठे किती काळोख हे मी ठरवते. मग तो सिनेमा टिपणारा कॅमेरामन हयात असला तर त्याला बोलावतात. तो बघतो, पसंत पडलं तर सही करतो, आणि ती सही डिस्कच्या खोक्यावर छापली जाते. शौकीन मंडळी सही बघूनच डिस्क घेतात. त्यामुळे म्हाताऱ्या कॅमेरामनांची मर्जी सांभाळणं हेही माझं काम झालं, आणि ते मला अजिबात जमत नाही.

“काका, तो दिवसच आहे,” मी म्हटलं. “सावल्या बघा ना. टळटळीत ऊन आहे.”

“ऊन मला दाखवतेस? मी उभा होतो त्या उन्हात! टाळकं तापलं होतं. पण काढत होतो रात्र.”

सिनेमा होता वेंडेलकाकांनी टिपलेला ‘पलीकडचा काठ’. आमच्याकडे निदान त्याचा शेवट तरी माहीत नाही असा माणूस मिळायचा नाही. तिसा नदीवरचा एक नावाडी. त्याची बायको दुसऱ्याकडे निघाली आहे. तोंडावर शाल ओढून ती नवऱ्याच्याच नावेत येऊन बसते, तो तिला मुकाट पलीकडे सोडतो आणि घरी येऊन थंड चुलीसमोर बसतो. सगळं लख्ख उजेडात. वर नावेच्या टोकाला कंदील पेटलेला. त्या कंदिलावर आमच्या विद्वानांनी काय काय लिहून ठेवलंय! जळता विवेक काय, उजेडातला उजेड काय. मला त्या कंदिलाचं काही नव्हतं, मला तो नवरा आवडायचा. बायको जातेय हे डोळ्यांनी बघत तिला पोचवतो, एवढं मोठं मन! कॉलेजात असताना मी त्याच्यासाठी ढसाढसा रडले होते.

“मला सांग, भरदुपारी कंदील पेटवून नाव कोण हाकतं?” काका म्हणाले. “रात्र आहे म्हणून पेटवलाय, बाई! रात्र!”

कोपऱ्यात बार्नाबाश बसला होता. डिस्क काढणारा प्रकाशक तो, साखरेसारखा गोड बोलतो, तेव्हा मला जास्तच तिडीक येते. “पण काका,” तो म्हणाला, “त्या कंदिलासाठी तर तुम्हाला परदेशात बक्षीस मिळालं.”

“मिळालं. घेतलं. दिग्दर्शक कानात म्हणाला, गप्प बस, लोकांना आवडलंय. बसलो गप्प. आता तो गेला. माझा एक डोळा गेलाय आणि दुसरा डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे फार दिवसांचा सोबती नाही. माझी रात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. बसा बोंबलत.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. तेव्हा नदीकाठी मोठे दिवे नेणं शक्यच नव्हतं. म्हणून भर उन्हात चित्रण करायचं आणि थिएटरसाठी प्रिंट काढताना लॅबमध्ये ते काळं करून घ्यायचं. म्हणजे निगेटिव्हवर दिवस, रात्र फक्त प्रिंटवर. सिनेमा जेमतेम लागला आणि वरच्या कुणाला तरी खटकला, त्याची रवानगी डब्यात झाली. बऱ्याच वर्षांनी टीव्हीवाल्यांनी तो बाहेर काढला, तेव्हा धड प्रिंटच उरली नव्हती. त्यांनी थेट निगेटिव्ह लावलं. तंत्रज्ञाला ऊन दिसलं, त्याने ऊन दाखवलं. त्यावरून व्हिडिओ कॅसेट निघाली, मग डिस्क, मग ‘सुधारित’ डिस्क. दर वेळी सुधारणा म्हणजे काय, तर अजून थोडा उजेड. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मी.

मी चिडले. खरं सांगायचं तर घाबरले. रात्र असेल तर नावाड्याने बायकोला ओळखलंच नाही! मग मोठं मन कुठलं? उरला एक अंधारात फसलेला बावळट.

बार्नाबाशने मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. “एतेल्का, म्हातारा भ्रमलाय. लोक काळा पडदा बघतील आणि डिस्क बिघडली म्हणून परत आणून देतील. तू त्याची समजूत काढ.”

“तू काढ. तुझं तोंड गोड आहे.”

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. खरंच रात्र होती का? एखादी तरी प्रिंट कुठेतरी उरली असेलच ना? मी जिथे तिथे विचारत सुटले. आमच्या संग्रहालयात नाही. प्रागला नाही, वॉर्साला नाही. शेवटी सरहद्दीपलीकडे सुबोतित्साच्या फिल्म क्लबात एक निघाली. सिनेमा इकडे डब्यात जायच्या आधी ती तिकडे गेली होती आणि तिकडेच राहिली. क्लबच्या बाई शेवटचं रीळ स्वतः गाडीत घालून घेऊन आल्या, कारण आता त्यांनाही चैन पडेना.

रीळ लावलं. अंगभर ओरखडे, खाली सर्बियन अक्षरं. आधी बाजाराचा प्रसंग, कलिंगडांवर ऊन. आणि एकदम रात्र. काळी नदी, एक कंदील, आणि नावेत माणसांचे दोन आकार. बस्स.

“जुनी प्रिंट आहे,” बार्नाबाश म्हणाला. “काळवंडली असेल.”

“त्याच रिळात कलिंगडं कशी लख्ख आहेत रे? काळवंडायला ती नाव यायची वाट बघत होती का?”

वेंडेलकाका पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक टेकायचं बाकी होतं. “हीच,” म्हणाले. “हीच गं माझी.” त्यांना रडू आवरेना.

आता रात्र करायची हे ठरलं. बार्नाबाशने एवढंच घासाघीस करून मागितलं की रात्र जरा उजळ असू दे, टीव्हीवर चेहरे तेवढे दिसू देत. प्रिंट फारच झिजलेली, म्हणून मला निगेटिव्हच्या नव्या स्कॅनवरच काम करायचं होतं. चेहरा किती काळा करायचा ते कळावं म्हणून मी नावाड्याचा चेहरा मोठा करून बघायला घेतला. आधीच्या सगळ्या डिस्कवर टोपीखाली नुसता पांढरा डाग असायचा. या स्कॅनमध्ये कातडीवरचा घामसुद्धा मोजून घ्यावा. आणि मला डोळे दिसले.

“काका, पटकथेत काय होतं? तो तिला ओळखतो?”

“छे. अंधारात कसा ओळखेल? घरी आल्यावर त्याला कळतं. केलेमेनला आम्ही बजावलं होतं, तुला काही दिसत नाहीये असं धरून चाल.”

केलेमेन म्हणजे नावाड्याचं काम करणारा नट. तोही आता नाही.

“मग हे बघा,” मी म्हटलं, आणि नुसते डोळे पडदाभर करून चालवले. बाई नावेत पाय ठेवते. त्याची नजर वर जाते, तिच्यावर थांबते. ओठ घट्ट होतात. आणि मग तो मुद्दाम, सावकाश, तोंड दुसरीकडे वळवतो.

काकांनी परत लावायला सांगितलं. परत. परत.

“कॅमेऱ्यातून एवढं कुठे दिसायचं,” ते पुटपुटले. “हा ओळखतोय तिला.”

“आणि ओळख देत नाहीये.”

“एकाच इमारतीत राहायचो आम्ही. रोज जिन्यात भेटायचा. याबद्दल एका शब्दाने कधी बोलला नाही लबाड!”

मला तर नाचावंसं वाटत होतं. माझा नावाडी बावळट नव्हता! “मी डोळे दिसतील एवढा उजेड ठेवते, काका. कळू दे सगळ्यांना.”

“नवा शोध!” बार्नाबाश उठूनच उभा राहिला. “खोक्यावर छापू!”

“गप रे,” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “पोरी, तिला लाजायला होऊ नये म्हणून तो तोंड फिरवतोय. अंधार आहे म्हणून त्याला ते साधतंय. आणि तू त्यावर उजेड पाडून गावभर करणार?”

मी उजेड कमी-जास्त करायच्या चाकावर हात ठेवला.

“खाली घे,” काका म्हणाले. “अजून.”

टोपी गेली. हनुवटी गेली. गालावरचा घाम गेला. डोळे मात्र चिवट, जाता जाईनात. माझा हात थांबला. जीवच होईना.

“दिसतायत का गं अजून?” काकांनी विचारलं. एवढ्या काळोखातलं त्यांना आता दिसत नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांना कळलंही नसतं, आणि ते डोळे डिस्कवर राहिले असते.

“दिसतायत,” मी म्हटलं, आणि चाक आणखी फिरवलं. “आता नाही.”

“आण कागद.”

मी त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली.