कहकशाँचं दुखणं

वडसा गावात नाटकांचा हंगाम आला की कय्यूम शिंप्याला मान वर करायला फुरसत नसे. कंपन्यांचे राजे, खलनायक, नायिका, सगळ्यांचे कपडे त्याच्याच मशिनीवर शिवले जात. पायाशी चिंध्यांच्या ढिगात त्याची कहकशाँ बसलेली असे. पोर स्वमग्न, बोलणं मोजकं. पण बापाशी गट्टी पक्की.

तेरावं वर्ष लागलं आणि ती बदलली. सकाळी हसत उठायची, दुपारी ओढणी चावत रडायची. एक दिवस कय्यूमनं लाडानं डोक्यावरून हात फिरवला, तर तिनं तो झटकला आणि किंचाळत आत पळाली. कय्यूमचा चेहराच पडला.

"मी काय केलो तिले?"

"तुम्ही काई नाई केले जी," त्याची बायको खैरुन म्हणाली. "पोरगी मोठी होऊन राह्यली. या वयात आपल्यालेही राग येतच होता ना? आपल्याले सांगता येते, तिले येत नाई."

त्याच आठवड्यात उर्वशी नावाची नटी नवा ब्लाऊज घालून पाहायला आली. हात नीट वर होतात का बघायला तिनं रडण्याचा प्रवेशच करून दाखवला. गालांवर खरं पाणी! दारातून बघणारी कहकशाँ पुढे आली आणि तिनं त्या पाण्याला बोट लावलं.

"पोट दुखते?"

कय्यूम ओशाळला. उर्वशी मात्र खाली बसली. "नाई माय, हे नाटकातलं. पण खरं रडू येते ना, तवा पोट नाई, मन दुखते. इथी." तिनं छातीवर हात ठेवला.

कहकशाँनं बोट ओढणीला पुसलं आणि आत निघून गेली.

पुढं एका दुपारी तिनं बटणांचा डबाच भिरकावला आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात जाऊन डोलत बसली. कय्यूम मशीन सोडून आला. पण हात न लावता जरा लांबच टेकला. डोलणं थांबल्यावर ती पुटपुटली, "अब्बू. इथी." हात छातीवर होता. "दुखते."

कय्यूम जरा पुढं सरकला. "काऊन, बेटा?"

"मालूम नाई."

"नसू दे. मलेही होते असं. मंग तुह्या अम्मीवर उगीच चिडतो."

"उगीच नाई, रोजच!" चुलीपासून खैरुन ओरडली.

कहकशाँ खुदकन हसली. मग बापाला कोपरानं ढोसत म्हणाली, "आता जा. दार लाव."

कय्यूमनं दार अलगद ओढून घेतलं आणि चुलीपाशी येऊन बसला.

"खैरुन," तो म्हणाला, "पोरीनं मले सांगतलं, तेवढं तं मी माह्या मायलेही कधी सांगतलो नाई."